लक्ष्या नसलेला 'झपाटलेला'
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'शोले' सुरू कुठं होतो, आठवतं? एका लहानशा रेल्वे स्टेशनावर. गाडी थांबते, जेलरसाहेब उतरतात, ठाकूरचा माणूस त्यांना घोड्यावरून गावात नेतो. आमच्या लासूर स्टेशनच्या तर नावातच स्टेशन आहे. अशा गावच्या माणसाला रामगढ कधी लांबचं वाटलंच नाही.

२००७ साली रामगोपाल वर्मा यांनी 'आग' काढला. गोष्ट मुंबईत नेली, गब्बरचा बब्बन केला आणि त्या भूमिकेत साक्षात अमिताभ बच्चन. लोकांनी तो पार झिडकारला. सिनेमा वाईट होता हे खरंच. पण नुसत्या वाईट सिनेमावर एवढं कोण चिडतं? वाईट सिनेमे दर शुक्रवारी येतात आणि जातात. इथं रामगढच उचलून नेलं होतं.

हा राग दर वेळी शहाणा असतो असं मात्र समजू नका. १९७८ चा 'डॉन' अमिताभचा. २००६ मध्ये फरहान अख्तर यांनी तो शाहरुख खानला घेऊन पुन्हा केला, तेव्हा जुने प्रेक्षक म्हणाले, डॉन एकच. नव्या चित्रपटात शेवटही बदलला होता. तरी पुढच्या पिढीनं तो उचलून धरला, २०११ मध्ये दुसरा भागही आला. मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिसऱ्या भागासाठी रणवीर सिंगचं नाव जाहीर झालं, आणि आता शाहरुखचे चाहते म्हणू लागले, डॉन एकच! म्हणजे ज्यानं जो डॉन कोवळ्या वयात पाहिला, तोच त्याला अस्सल.

आपल्या मराठीत पाहायचं तर 'झपाटलेला' घ्या. महेश कोठारे यांचा १९९३ चा चित्रपट. गुंड मरताना मंत्र म्हणून आपला आत्मा बाहुल्यात घालतो, ही कल्पना मुळात १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी चित्रपटातली. आपण ज्याला मूळ म्हणून जपतो, तेच उसनं! पण ते आपलं कसं झालं बघा. तिकडचा बाहुला दुकानात मिळणारं खेळणं होता. इकडं रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला आला. पाध्ये पिता-पुत्रांचा अर्धवटराव मराठी घरांना आधीच ठाऊक होता. तात्या विंचूला दिलीप प्रभावळकरांचा आवाज मिळाला. आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे. लक्ष्याची ती भीतीनं उडालेली गाळण, ते डोळे, आईकडं धावणं! बाहुला भीतिदायक वाटला तो लक्ष्या घाबरला म्हणून. एरवी तो लाकडाचा तुकडाच की.

'झपाटलेला २' आला जून २०१३ मध्ये, थ्रीडी होऊन. चष्मे लावून बसायचं आणि तात्या विंचू अंगावर येणार. तासाभराच्या गाडीनं तेव्हाच्या औरंगाबादला जाऊन पाहून आलेल्या आमच्याकडच्या मंडळींना विचारलं, कसा वाटला? चष्म्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. उत्तर एकच, लक्ष्या पाहिजे होता.

आता याला कोठारे तरी काय करणार? लक्ष्मीकांत १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. त्यांच्या जागी दुसरा लक्ष्या उभा करण्याऐवजी त्याच्या मुलाची गोष्ट सांगितली, आदिनाथ कोठारे यांना घेऊन. माझ्या मते हा सरळ आणि प्रामाणिक मार्ग होता. तरी चुकचुकल्यासारखं वाटायचं ते वाटलंच. अशा तक्रारीवर दिग्दर्शकाकडं औषध नसतं, आणि ती करणाऱ्यालाही ते माहीत असतं.

पण २०२४ मध्ये कोठारे यांनी तिसऱ्या भागाबद्दल बोलताना सांगितलं, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं लक्ष्याला पडद्यावर आणायचा विचार आहे. म्हणजे लोकांनी जे मागितलं तेच द्यायचं. यामागं मित्राची ओढ आहे, यात शंका नाही. दोघांनी किती चित्रपट एकत्र केले! तरीही मन कचरतं. गेलेल्या माणसाचा आत्मा बाहुल्यात घालायचा, ही तर त्या सिनेमातल्या खलनायकाची युक्ती होती.

चेहरा हुबेहूब येईल, आवाजही येईल. पण समोरच्या नटाचं वाक्य पडताच लक्ष्या जे ऐनवेळी करायचा, ते कुठून आणणार? जुन्या चित्रपटांतून वेचून जोडलं, तर ते आपण आधी पाहिलेलंच असेल. आणि पडद्यावर तो चुकीच्या जागी हसला, तर शिट्ट्या मारणारी हीच पब्लिक खुर्च्या आपटील. तो राग मग त्या बिचाऱ्या लक्ष्याच्या नावावर जमा होईल, ज्यानं ते काम केलेलंच नाही.

माझ्यापुरतं विचाराल तर नव्या भागात तात्या विंचू खुशाल येऊ द्या, थ्रीडीत येऊ द्या, मोबाइल घेऊन येऊ द्या. लक्ष्याला पाहावंसं वाटलं, की मी १९९३ चा लावीन.