अर्धा करार

१६३० साली जॉन विन्थ्रॉप यांच्याबरोबर सुमारे हजार माणसे इंग्लंड सोडून मॅसॅच्युसेट्सला आली. या प्युरिटनांना चर्च शुद्ध हवे होते. त्यामुळे नुसता बाप्तिस्मा पुरत नसे. ईश्वरी कृपेचा स्वतःला आलेला अनुभव मंडळीसमोर सांगावा, तेव्हा पूर्ण सभासदत्व मिळे. १६३१ पासून वसाहतीच्या कारभारात मताचा हक्कही चर्चच्या पुरुष सभासदांपुरताच ठेवला गेला.

पुढच्या पिढीसाठी त्यांनी कष्ट कमी घेतले नाहीत. १६३६ साली हार्वर्डचा पाया घातला. १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाला लिहिणे-वाचणे शिकवणारा शिक्षक नेमणे भाग पडले. मुले बायबल वाचू लागली, नेमाने चर्चला जाऊ लागली. पण तो अनुभव अनेकांना आला नाही, किंवा आला असे म्हणायला ते धजेनात. मग पेच पडला : आजोबा सभासद, वडिलांचा बाप्तिस्मा झालेला, तरी नातू बाहेर!

१६६२ साली बोस्टनच्या धर्मसभेने तोड काढली. अशा आईवडिलांनी श्रद्धा मान्य करून सदाचरणाचे वचन दिले, तर मुलांना बाप्तिस्मा मिळावा. त्यांना स्वतःला मात्र प्रभुभोजन नाही आणि मंडळीत मतही नाही. पुढे याला ‘अर्धा करार’ असे हिणवले गेले.

काहींना त्यात ऱ्हास दिसला. मला त्यात आईवडिलांचे शहाणपण दिसते. शाळा, ग्रंथ, रिवाज मुलांच्या हाती देता येतात; आतली ओढ देता येत नाही. ती उपजेपर्यंत दार लावून घ्यायचे की अर्धे उघडे ठेवायचे, एवढेच वडीलधाऱ्यांच्या हाती उरते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आपणांस हा प्रश्न परका वाटू नये.