जिना मोकळा असावा



सुरतेहून कामरेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरथाणा लागते. तेथील तक्षशिला आर्केड या इमारतीस २४ मे २०१९ रोजी आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीवर्ग भरला होता. वर नेणारा लाकडी जिना जळाला, धूर कोंडला, मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले.

आग विझविणे हे अग्निशामक दलाचे काम होय. परंतु बंब येईपर्यंतची मिनिटे ही सर्वस्वी शाळेची असतात. आपल्या राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्याच्या कक्षेतील इमारतींच्या मालकाने अथवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत, आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. प्रमाणपत्र दप्तरी लागते; जिन्याखालची मोडकी बाके मात्र पुष्कळदा तेथेच राहतात!

म्हणून सराव हवा, आणि तो पूर्वसूचना न देता हवा. घंटेचा वेगळा ठोका मुलांना ठाऊक असावा. दुसऱ्या दाराचे कुलूप वर्ग चालू असताना उघडे ठेवावे. धूर वर चढतो, जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात बरी असते. यास्तव ओणवे होऊन, नाकातोंडाशी ओला रुमाल धरून बाहेर पडावे. उद्वाहन वापरू नये. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कोणी कळवावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. शिक्षकाने हजेरीपट सोबत घेऊन मैदानावर नावे पुकारावीत. एखादे नाव कमी भरल्यास ते तत्काळ अग्निशामक दलास सांगावे. स्वतः पुन्हा आत धावू नये.