पंप नवा येईल, पण रात्रपाळीला कोण?

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय तुमच्या-आमच्या नळाचा आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, गाव मालवण. आमच्या शहराला पाणी येतं ते धामापूर तलावातून. तलाव १५३० सालचा, विजयनगरच्या काळात मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या मदतीने बांधलेला. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मानही मिळाला. जवळपास पाचशे वर्षं झाली, मातीचा बांध अजून उभा आहे.

पण तलाव आणि नळ यांच्या मधल्या यंत्रणेला एवढं आयुष्य नसतं. केंद्र सरकारच्या १९९९ च्या सीपीएचईईओ मॅन्युअलमध्ये पंप-मोटर १५ वर्षांसाठी आणि मुख्य पाइपलाइन ३० वर्षांसाठी धरलीय. म्हणजे जुन्या केंद्रात सगळं एकदम मोडीत काढायचं नसतं. काय आधी, काय नंतर, हे ठरवायचं असतं.

मध्यंतरी कोकणातल्या एका छोट्या शहराचं जुनं जलशुद्धीकरण केंद्र बघायला गेलो होतो. तिथले ऑपरेटर काका रिटायरमेंटला आलेले. जूनच्या पहिल्या पावसात पाणी एका रात्रीत लाल होतं, तेव्हा तुरटीचा डोस किती वाढवायचा हे कसं कळतं, असं विचारलं. काका म्हणाले, "झिला, पाण्याचो रंग बघलंय काय माका समाजता."

ऐकायला भारी वाटलं, आणि पोटात गोळाही आला. आपल्या भाषेत सांगायचं तर अख्खा कोड एकाच माणसाला माहीत, डॉक्युमेंटेशन शून्य, आणि तो माणूस नोटीस पिरियडवर!

आता साधं गणित करू. केंद्र २४ तास चालतं, तीन पाळ्या. एका खुर्चीसाठी वर्षाला ३६५ गुणिले ३, म्हणजे १०९५ पाळ्या. एका माणसाचे ५२ साप्ताहिक सुट्टीचे दिवस आणि रजा-सण-आजारपण मिळून ४० दिवस वजा करा. उरतात २७३. म्हणजे एका खुर्चीला चार माणसं लागतात. तीन नाही, चार. कागदावर तीनच असतील तर चौथ्याचं काम कोणीतरी डबल ड्युटी करून ओढतो, नाहीतर रात्री खुर्ची रिकामी राहते. आणि क्लोरीनचा डोस चुकला तर कळायला सकाळ होते, तोवर पाणी घराघरांत पोचलेलं असतं.

मग प्लॅन कसा असावा? माझा क्रम असा.

पहिलं, काका जायच्या आधी सहा महिने नवीन माणूस त्यांच्या हाताखाली द्या, आणि त्या सहा महिन्यांत जून आलाच पाहिजे. रोज जार टेस्ट करा: चार-सहा भांड्यांत तेच पाणी, तुरटी वेगवेगळी, कुठलं लवकर निवळतं ते वहीत लिहा. काकांची नजर अशीच कागदावर उतरते.

दुसरं, मोजमाप. गढूळपणा १ एनटीयूच्या आत आणि नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन, हे आयएस १०५०० सांगतं. तेवढं मोजायचं मीटर आणि टेस्ट किट पंपापेक्षा खूप स्वस्तात येतं.

तिसरं, फिल्टरची वाळू, स्टँडबाय पंप आणि जनरेटर. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्याकडे कित्येक गावांत दिवसेंदिवस लाईट नव्हती. लाईट नाही तर पंप नाही. शिवाय मे म्हणजे तारकर्लीला पर्यटकांची गर्दी आणि तलाव तळाला.

सेन्सर आणि स्क्रीन सगळ्यात शेवटी. हे मी, सॉफ्टवेअरवाला, सांगतोय! रात्री दोनला अलार्म वाजला तर वॉल्व्ह फिरवायला माणूस हवाच.

तेव्हा आपल्या नगरपरिषदेत नव्या पाणी योजनेची बातमी वाचलीत की किती कोटी हे बघाच, पण एक प्रश्न नक्की विचारा: चालवायला माणसं किती, आणि त्यांचा पगार कुठल्या बजेटमधून?

चला, भेटू पुढच्या भागात. येवा, कोकण आपलाच आसा!