पागेचा माळ
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गावच्या पागेच्या माळावर अश्वारोहणाचे सार्वजनिक उद्यान करावे, या सूचनेस माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. मात्र एका अटीवर.

सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर, स्वतःचा घोडा आणी तो शिलेदार, हा भेद मी वर्गात वर्षानुवर्षे शिकविला. परंतु त्यांना पाठीवर वाहणाऱ्या भीमथडीच्या तट्टाविषयी कधी बोललो नाही, ही उणीव आज कबूल करतो. १८१८ साली पेशवाई गेली, फौजा मोडल्या; तरी भीमेकाठच्या त्या काटक जनावराचा वंश टिकला. तो कोणी टिकविला? आपण स्वारांचे पुतळे उभारले. धनगर बांधवांनी मेंढरांमागे बिऱ्हाड लादून घोडी जगविली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने आता भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

तेच कळप दिवाळीनंतर आपल्या माळावरून कोकणाकडे उतरतात. कुंपण घालून त्यांची वाट अडविली, तर इतिहासाच्या नावाने इतिहासावरच अन्याय होईल. म्हणून वाट व पाणवठा मोकळा ठेवावा; घोडी त्यांच्याकडूनच योग्य मोल देऊन घ्यावी; मुलामुलींना आधी खरारा शिकवावा, मग खोगीर द्यावे; आणि रिकिबीत पाय ठेवणाऱ्यास जात विचारू नये.

ही अट मान्य होत असेल, तर माझे एका महिन्याचे निवृत्तिवेतन पहिली वर्गणी म्हणून स्वीकारावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.