फुकट आणि मोकळं



मी मूळचा खानापूर तालुक्यातला, पण नोकरीमुळं भोपाळात राहतो, हबीबगंजला. गोवा एक्स्प्रेसनं इटारसी ओलांडली की भोपाळ जंक्शनच्या अलीकडं हे स्टेशन लागतं. नोव्हेंबर 2021 मध्ये त्याचं नाव राणी कमलापती झालं, पण रिक्षावाल्याला हबीबगंज म्हटलं तरच पटकन कळतं. नाव बदललं तरी तोंडातलं बदलत नाही, हे बेळगावकरांना मी काय सांगू!

गेल्या जूनमध्ये भाचीचा फोन आला. सातवीत आहे, मराठी माध्यम. "मामा, विज्ञानाचं पुस्तक अजून आलंच नाही बघ." मी लगेच बालभारतीची पीडीएफ पाठवली, मोठं काम केल्यासारखं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मामा, हे आमचं नव्हे, धडेच वेगळे हायत." खरंच की! अभ्यासक्रम कर्नाटकाचा. मग कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर मराठी माध्यमाचं पुस्तक सापडलं. ते दिलं.

पुस्तकाची सोय झाली, पण पुस्तकाच्या पुढं काय? कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाला धरून 'कोअर' नावाचा एक विकी आहे. त्यात शिक्षकांसाठी टिपणं आहेत, कृती आहेत, प्रश्न आहेत. पण ते कन्नडात आणि इंग्रजीत. मराठीत साहित्य भरपूर, पण ते महाराष्ट्राच्या धड्यांवर. आपलं पोर दोन्ही कपाटांच्या मधल्या फटीत.

यावर उत्तर मला हबीबगंजात मिळालं. जवळच्या शिवाजीनगरात 'एकलव्य' संस्थेचं कार्यालय बरीच वर्षं होतं. तिची कहाणी ऐका. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. 1982 मध्ये एकलव्य स्थापन झाली आणि तिनं तो पुढं नेला. त्याचं पुस्तक 'बाल वैज्ञानिक'. त्यात उत्तरं छापलेली नव्हती. मुलांनी शेताच्या बांधावर जायचं, रोपं उपटायची, पानांच्या शिरा आणि मुळं शेजारी ठेवून बघायची. जाळीदार शिरांच्या रोपाला बहुतेक वेळा सोटमूळ, समांतर शिरांच्या रोपाला तंतुमूळ, हे पोरांनी स्वतः शोधायचं. आपले पुण्याचे खेळणीवाले अरविंद गुप्ता 1978 मध्ये नोकरीतून वर्षभराची रजा काढून तिथंच गेले होते.

2002 मध्ये सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम एका आदेशात थांबलं. पण साहित्य मेलं नाही. एकलव्यच्या अनेक पुस्तकांवर कॉपीलेफ्टची खूण असते. म्हणजे शिक्षणासाठी, नफा न कमावता, आमचं नाव देऊन खुशाल वापरा. आता बालभारतीचं पहिलं पान उघडा. सर्व हक्क मंडळाकडे, लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करायचा नाही. पीडीएफ फुकट आहे, मोकळी नाही. वाचता येते, बदलून, भाषांतर करून वाटता येत नाही. युनेस्कोनं 2002 मध्येच 'मुक्त शैक्षणिक साहित्य' हा शब्द पुढं आणला, तो याच फरकासाठी. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वरच्या गोष्टींचं तर कुणीही भाषांतर करून तिथंच टाकू शकतो. परवानगीची चिठ्ठी लागत नाही.

'कोअर'ही असंच मोकळं आहे. मग त्याचं मराठी कोण करणार? पुण्यातल्या माणसाला कन्नड येत नाही. बेंगळुरूच्या माणसाला मराठी येत नाही. दोन्ही येतं ते तुम्हाला. शाळेत सक्तीनं कन्नड शिकलो म्हणून आपण कुरकुरलो असू, पण इथं तेच कामाला येतंय. आणि हे काम कुठल्याच सरकारकडं मागायचं नाही, हे मला फार आवडतं. निवेदनं देऊन आपल्या पिढ्या थकल्या. निवेदनं द्यायचीच, पण पोराची सातवी तोवर थांबत नाही.

एकच सावधगिरी. यंत्राकडून भाषांतर करून तसंच चिकटवू नका. मी केलं होतं. मुळांच्या पाठात त्यानं 'टॅप रूट'चं 'नळाचे मूळ' केलं. मी घाईत भाचीला पाठवलं. ती हसून लोळली. "मामा, सोटमूळ म्हणतात त्याला. तू असू दे, मीच बघते." तेव्हापासून पानं ती तपासते. आतापर्यंत अकरा झालीत. बाराव्या पानाला कोण हात लावतंय, सभा संपल्यावर मला भेटा.