आकाशांतून वऱ्हाडची पीकपाहणी

मृगाचा पाऊस पडून वापसा आला आणि पेरणी झाली, कीं वऱ्हाडांतील शेतकरी बांधावर उभा राहून आपल्या तासांकडे पाहतो. त्याची ही पाहणी एका शेतापुरती असते. गांवाच्या पिकाचा अंदाज करावयाचा, तर पैसेवारी हीच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. पूर्वीं ती आण्यांत मोजीत, पुढें पैशांत मोजूं लागले. पीक पन्नास पैशांच्या आंत आलें कीं टंचाई समजावयाची आणि सवलतींचा विचार करावयाचा, असा तिचा प्रघात. या मोजणींत चार पैसे इकडचे तिकडे झाले, तर त्याची झळ गांवांतील प्रत्येक चुलीला लागते. अशा वेळीं गटातटांशीं संबंध नसलेला एखादा त्रयस्थ पाहणारा असावा, असें वाटणें साहजिक आहे.

तसा पाहणारा आज आकाशांत आहे. १७ मार्च १९८८ रोजीं ‘आय. आर. एस. १ ए’ हा भारतीय दूरसंवेदन उपग्रह बैकानूर येथून सोडण्यांत आला. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपूर येथें निघालें, तेंहि त्याच वर्षीं. त्यानंतर ‘रिसोर्ससॅट’ या मालिकेंतील उपग्रह आठशें किलोमीटरांहून अधिक उंचीवर फिरूं लागले. त्यांच्या एका यंत्राला सुमारें २४ मीटर बाजूचा चौकोन निराळा ओळखतां येतो. म्हणजे एक एकराचें रान सात चौकोनांत मावतें.

पान हिरवें कां दिसतें, या प्रश्नांतच या विद्येचें मर्म आहे. पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाशांतील तांबडे व निळे किरण शोषून घेतें. परंतु तांबड्याच्या पलीकडे, मानवी डोळ्यांस न दिसणारे जे अवरक्त किरण असतात, ते निरोगी पान मोठ्या प्रमाणांत परतवितें. उपग्रहावरील यंत्र हे दोन्ही किरण निरनिराळे मोजतें. दोहोंची वजाबाकी करून तिला दोहोंच्या बेरजेनें भागिलें, म्हणजे हिरवेपणाचा आंकडा निघतो. समजा, भरांत आलेल्या कपाशीनें शेंकडा ५ तांबडे व शेंकडा ४५ अवरक्त किरण परतविले, तर आंकडा ०.८ येईल. नांगरून ठेवलेल्या काळ्या रानानें तेच १० व १४ परतविले, तर तो ०.१७ च्या आसपास राहील.

एका दिवसाच्या आंकड्यानें फारसा बोध होत नाहीं. वर्षभराचे आंकडे ओळीनें मांडले, म्हणजे पिकाचें नांव कळूं लागतें. सोयाबीन भाद्रपदांत भरून येतें आणि दसऱ्याच्या सुमारास पिवळें पडतें. कपाशी दिवाळीनंतरहि हिरवी राहते, तूर त्याहून उशिरां कापणीस येते, आणि वरुड-मोर्शीकडील संत्र्यांच्या बागा बाराहि महिने हिरव्या असतात. यंदाचा आंकडा मागील वर्षांच्या त्याच पंधरवड्याशीं ताडून पाहिला, म्हणजे पावसाचा खंड कोणत्या तालुक्याला जाचला, तें दिसतें.

हिरवेपणावरून उत्पादनाकडे कसें जावयाचें, याची वाट ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन माँटीथ यांनीं १९७७ मध्यें दाखविली. पिकाची वाढ त्यानें अडविलेल्या प्रकाशाच्या प्रमाणांत होते, असें त्यांनीं मांडलें. हवेंतील कर्बाम्लवायु आणि जमिनींतील पाणी यांपासून पान आपलें अन्न या प्रकाशाच्या बळावर तयार करतें. त्यांतील मोठा वाटा वनस्पति स्वतःच्या श्वसनांत खर्च करते. उरतो तो कर्ब खोड, मूळ व बोंड यांत साठतो. पाणी कमी पडलें वा ऊन फार तापलें, कीं पानांचीं छिद्रें मिटतात आणि हा व्यापार मंदावतो. म्हणून उपग्रहाच्या आंकड्यांस पर्जन्यमान व तापमान यांची जोड द्यावी लागते. शेवटीं पऱ्हाटी शेतांत जाळली, तर तींत साठलेला बहुतेक कर्ब घटकाभरांत हवेंत परत जातो. बारीक करून मातींत मिसळली, तर त्याचा कांहीं अंश जमिनीच्या पदरीं पडतो.

जंगलाचा हिशेब याहून लांबचा. अमरावतीच्या उत्तरेस मेळघाटांतील सागवान उन्हाळ्यांत निष्पर्ण होतें आणि पावसाबरोबर पालवतें. सातपुड्याचा हा श्वास उपग्रहाच्या चित्रांत स्पष्ट उमटतो. त्याचा पडताळा पाहण्यासाठीं मात्र जमिनीवर उतरावें लागतें. राष्ट्रीय कर्ब प्रकल्पांत अमरावतीला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यांत, अशाच पानगळीच्या जंगलांत, एक मनोरा उभारण्यांत आला. त्यावरील यंत्रें वाऱ्याची वरखाल हालचाल आणि तींतील कर्बाम्लवायु सेकंदांत अनेक वेळां मोजतात. जंगलानें किती घेतलें आणि किती परत दिलें, तें त्यावरून काढतां येतें.

या आकाशस्थ पाहणाऱ्यासहि उणिवा आहेत. श्रावण-भाद्रपदांत पीक वाढत असतें, नेमके त्याच वेळीं ढग आड येतात. ढगांतून पाहणाऱ्या रडारचे उपग्रह तेव्हां उपयोगी पडतात, परंतु हिरवेपणा हा त्यांचा विषय नव्हे. तणाचा हिरवा आणि पिकाचा हिरवा यांत अनेकदां घोटाळा होतो. सर्वांत बोलकें उदाहरण २०१७ चें. त्या सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशीची धूळधाण केली. झाड बाहेरून हिरवेंगार आणि बोंड आंतून पोखरलेलें! वरून पाहणाऱ्यास तें शेत भरलेलें दिसावें, आणि वेचणीस गेलेल्या बाईची ओटी मात्र रिकामी राहावी.

म्हणून निवाडा एकट्या उपग्रहावर सोपवितां येत नाहीं. कोठें जाऊन पाहावें, हें तो सांगूं शकतो. तेथें जाऊन बोंड फोडून पाहणें, कापणीचा प्रयोग करून दाणा तोलणें, हें काम माणसाचेंच आहे. वरच्या आंकड्याला बांधावरची साक्ष मिळाली, तरच ज्याचें पीक बुडालें त्याच्या पदरांत न्याय पडेल.