परक्याच्या हाती देता येईल असा प्रश्न



फंक्शनल प्रोग्रॅमिंगबद्दल मराठीतून बोलायला आणि ऐकायला एवढी माणसं एका सभागृहात जमली आहेत, आणि त्यांच्यापुढे अध्यक्ष म्हणून उभं राहण्याचा मान आपण मला दिला आहे. मनापासून आभार मानतो. अध्यक्षाने विषयाचा समग्र आढावा घ्यावा अशी रीत आहे, पण मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. आपण एकमेकांना मदत कशी करतो, आणि आपण ज्या पद्धतीने कोड लिहितो तिचा या मदतीशी संबंध काय? माझ्या मते हा संबंध फार जवळचा आहे, आणि आपल्या एकाही अभ्यासक्रमात तो शिकवला जात नाही.

अडलेल्या माणसाची खरी अडचण बघा. त्याच्यासमोर हजारो ओळींचा प्रोग्रॅम आहे आणि त्यातली एक ओळ चुकीचं उत्तर देते. मदत करू शकेल असा माणूस दुसऱ्या गावात, बहुधा दुसऱ्या देशात आहे आणि त्याने हा प्रोग्रॅम कधी पाहिलेलाही नाही. त्या ओळीचं वागणं जर आधी कोणी कोणता ग्लोबल व्हेरिएबल बदलला, डेटाबेसमध्ये त्या क्षणी काय होतं, कोणत्या क्रमाने काय चाललं यावर ठरत असेल, तर प्रश्न विचारायचा म्हणजे अख्खा प्रोग्रॅम त्याच्या पदरात टाकायचा. तो कोण वाचणार? प्युअर फंक्शनला जे हवं ते सगळं त्याच्या आर्ग्युमेंटांतून मिळतं, आणि तेच इनपुट दिलं की तेच उत्तर येतं. म्हणून ते फंक्शन कापून बाजूला काढता येतं, एका इनपुटासह परक्याच्या हाती देता येतं, आणि सोलापूरला जे चुकलं ते ग्लासगोलाही तसंच चुकतं. प्युरिटीबद्दल पुस्तकांत गणिताच्या सौंदर्याचं पुष्कळ येतं आणि ते खरंच आहे. मला मात्र तिची ही माणुसकीची बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

हॅस्केलचा जन्मच अशा गरजेतून झाला. १९८७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात एका परिषदेच्या वेळी काही संशोधक एकत्र बसले. तेव्हा डझनाहून जास्त लेझी फंक्शनल भाषा होत्या. प्रत्येक गटाची आपली भाषा आणि आपला कंपायलर, कल्पना मात्र जवळजवळ सारख्याच. सर्वांना वापरता येईल अशी सामायिक भाषा नसल्यामुळे या विचाराचा प्रसार अडला आहे, असं त्यांचं मत पडलं. समिती नेमली गेली, तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचं नाव भाषेला दिलं गेलं आणि १ एप्रिल १९९० रोजी पहिला अहवाल प्रसिद्ध झाला.

आता एक प्रश्न सविस्तर बघू, कारण मदत म्हणजे काय हे तपशिलाशिवाय कळत नाही. हॅस्केल शिकणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. खर्चाच्या नोंदींची एक फाइल आहे. ती रीडफाइलने वाचायची, एक ओळ बदलायची आणि राइटफाइलने त्याच फाइलमध्ये परत लिहायची. प्रोग्रॅम कंपाइल होतो. चालवला की एरर येते: रिसोर्स बिझी, फाइल इज लॉक्ड. शिकणाऱ्याला वाटतं, दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने फाइल उघडून ठेवली असणार. खरं कारण असं की रीडफाइल लेझी आहे. मजकूर लागेल तसतसा ती वाचते आणि तोवर फाइल उघडी ठेवते. वाचणारे अनेक चालतील, पण लिहिणारा एकटाच असला पाहिजे, अशी शिस्त हॅस्केलच्या अहवालानेच घालून दिली आहे. आपलाच प्रोग्रॅम आपल्याला अडवत असतो.

यावर तीन तऱ्हेची उत्तरं मिळतात. पहिला म्हणतो, लिहिण्याआधी मजकुराची लांबी मोज आणि ती तपास, म्हणजे फाइल शेवटपर्यंत वाचली जाईल. काम होतं. पण सहा महिन्यांनी दुसरा कोणी ती ओळ बघतो, निरुपयोगी समजून काढून टाकतो आणि एरर परत येते. दुसरा म्हणतो, टेक्स्ट लायब्ररीतली रीडफाइल वापर, ती सगळा मजकूर एकदम वाचून फाइल बंद करते. हे उत्तर बरोबर आहे, आणि स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची लिस्ट असल्यामुळे मोठ्या मजकुराला ती महाग पडते हेही शिकणाऱ्याला त्या निमित्ताने कळतं. तिसरा आधी विचारतो, या नोंदी तुला किती मोलाच्या आहेत? कारण लिहायला उघडताच जुनी फाइल रिकामी होते, आणि मधेच वीज गेली तर जुन्या नोंदीही गेल्या, नव्याही अर्धवट राहिल्या. त्याच फोल्डरमध्ये नव्या नावाने फाइल लिही, पूर्ण झाली की तिला जुनीचं नाव दे.

तिघांचा हेतू चांगला आहे, पण तिन्ही उत्तरांचं मोल सारखं नाही. पहिल्याने एरर घालवली, दुसऱ्याने कारण घालवलं, आणि तिसऱ्याने शिकणाऱ्याला जे विचारता आलं नव्हतं तेही ऐकलं. तिसऱ्यासारखं उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि आपल्या कंपन्यांत या वेळाला काम म्हणून मोजत नाहीत. तो मोजला गेला पाहिजे, असं मी या व्यासपीठावरून स्पष्टपणे म्हणतो.

प्रश्न लहान करण्याच्या कामी आपल्याकडे फार चांगली साधनं आहेत. नील मिचेल यांच्या हूगलमध्ये फंक्शनचं नाव माहीत नसलं तरी नुसता टाइप देऊन शोधता येतं. (ए → बी) → [ए] → [बी] असं लिहिलं की मॅप समोर येतं. हॅस्केलच्या जीएचसी या कंपायलरमध्ये २०१४ पासून टाइप्ड होल्स आहेत: जिथे काय लिहावं ते सुचत नाही तिथे अंडरस्कोर ठेवा, इथे कोणत्या टाइपचं काहीतरी हवं आहे ते कंपायलर सांगतो. अडलेल्या माणसाने तेवढं वाक्य जरी पुढे केलं, तरी अर्धी मदत मिळाल्यासारखी असते. आणि कोएन क्लासेन व जॉन ह्यूज यांनी २००० साली मांडलेलं क्विकचेक तर माझ्या सर्वांत आवडीचं. फंक्शनने कोणता नियम पाळावा ते आपण लिहायचं, मोडणारी उदाहरणं ते शोधतं. पुढच्या आवृत्तीत सापडलेलं उदाहरण आपोआप छोटं करत जाण्याची सोय आली. ह्यूज यांनी एर्लांगच्या डेट्स या डेटाबेसमधल्या चुका असंच करून शोधल्या. क्लार्ना कंपनीतले लोक ज्या चुकांनी हैराण होते, त्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या आज्ञांत परत घडवून दाखवता आल्या. समांतर चालणाऱ्या प्रक्रियांतली चूक एवढी छोटी करून समोर ठेवणं ही मी पाहिलेली सर्वांत मोठी मदत आहे.

जिथे कारण कोडच्या तुकड्यात दिसतच नाही, तिथे मात्र ही साधनं पुरत नाहीत. लेझीनेसमुळे वाढणारी मेमरी हे त्याचं ठळक उदाहरण. एक ते दहा लाख आकड्यांची बेरीज ऑप्टिमायझेशन न लावता फोल्डएलने केली, तर बेरीज होण्याऐवजी ‘पुढे करायच्या बेरजां’ची साखळी मेमरीत साठत जाते. उत्तर बरोबर येतं, टाइपही बरोबर असतात, फक्त मशीन दमतं. उपाय जुना आहे: फोल्डएल-प्राइम वापरा, ते प्रत्येक पायरीला बेरीज करून टाकतं. पिढ्यान्‌पिढ्या जाणत्यांनी नवख्यांना हे एक वाक्य सांगितलं. शेवटी २०२४ मध्ये जीएचसी ९.१० बरोबर हे फंक्शन प्रिल्यूडमध्ये आलं, वेगळं इम्पोर्ट करावं लागेनासं झालं. एवढी वर्षं का लागावीत? एकच प्रश्न शंभर माणसं विचारतात तेव्हा उणीव त्या शंभरांत नसते, लायब्ररीत असते. प्रत्येकाला प्रेमाने उत्तर देत राहणं चांगलंच, पण ते उत्तर लायब्ररीपर्यंत पोचवणं हे त्याहून मोठं काम आहे.

लायब्ररी बदलते तेव्हा काय होतं, तेही पाहू. जेसन वाचण्या-लिहिण्यासाठी हॅस्केलमध्ये बहुतेक जण एसन वापरतात. २०२१ च्या सप्टेंबरात तिच्यातली एक धोक्याची जागा उघड झाली. ऑब्जेक्टच्या कीज एका हॅशमॅपमध्ये ठेवल्या जात. मुद्दाम हॅश जुळतील अशा कीज निवडून कोणी जेसन पाठवलं, तर ते वाचण्यातच सर्व्हर अडकून पडे. ऑक्टोबरात एसन २.० आली आणि ऑब्जेक्टचा टाइपच बदलला. उघड्या हॅशमॅपच्या जागी कीमॅप आला, आत काय आहे ते झाकलेलं, म्हणजे पुढे आतली रचना बदलली तरी बाहेरचा कोड मोडू नये. ज्यांनी थेट हॅशमॅपला हात घातला होता त्यांचे प्रोग्रॅम कंपाइल होईनात. त्यातून एक लायब्ररी नव्या एसनवर गेलेली आणि दुसरी जुन्यावरच राहिलेली, अशी कोंडी झाली की दोन्ही एका प्रोग्रॅममध्ये बसत नव्हत्या.

तेव्हा माणसांनी एकमेकांसाठी जे केलं ते पाहण्यासारखं होतं. ज्यांचं काम आधी उरकलं त्यांनी इतरांच्या लायब्रऱ्यांना पॅच पाठवले. एसनची व्हर्जन तपासून जुना किंवा नवा कोड निवडणाऱ्या ओळी लिहून दिल्या, म्हणजे दोन्हीकडची माणसं अडू नयेत. हा बदल फार त्रासाचा होता आणि तरीही तो योग्यच होता, असं माझं मत आहे. तो निदान टाइपमधून ओरडून सांगत आला. कुठे कुठे हात लावावा लागेल ते कंपायलरने ओळीगणिक दाखवलं. याउलट २०१५ मध्ये जीएचसी ७.१० बरोबर लेंग्थसारखी फंक्शन्स लिस्टखेरीज इतर रचनांनाही लागू झाली. तेव्हापासून दोन गोष्टींच्या जोडीची लांबी विचारली की १ असं उत्तर येतं. पूर्वी इथे एरर यायची. या बदलाच्या बाजूने सबळ कारणं आहेत आणि ती मी मानतो, पण नवख्याला मदत करताना हे ‘१’ समजावणं एररपेक्षा कितीतरी अवघड जातं.

लायब्ररी लिहिणाऱ्यांविषयीही बोललं पाहिजे. क्लोजरचे कर्ते रिच हिकी यांनी २०१८ मध्ये एक लेख लिहून बजावलं की सोर्स खुला केला म्हणजे लेखकाचा वेळ आणि लक्ष यांवर वापरणाऱ्याचा हक्क निर्माण होत नाही. लेख कठोर आहे. अनेकांना तो दुखावून गेला. मला तो पटतो. पुण्याच्या हेल्पशिफ्टसारख्या कंपन्यांनी क्लोजरवर उत्पादनं उभी केली, बंगळुरूच्या जसपेने हॅस्केलवर. आपल्याकडची असंख्य मुलं या लायब्रऱ्यांवर पोट भरतात. पगार घेऊन बसलेल्या माणसाने रात्री जागून फुकट काम करणाऱ्याला ‘हे अजून का झालं नाही’ असं विचारणं मला सहन होत नाही.

ही परंपरा आपल्याकडे नवी आहे असं तरुणांनी समजू नये. पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात नव्वदच्या दशकात मार्क जोन्स यांची गोफर ही हॅस्केलची जवळची नातलग शिकवली जात होती. तिथल्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सोपी जावी म्हणून तिच्यात बदल करून प्युगोफर ही आपली आवृत्ती तयार केली. आयतं मिळालेलं साधन समोरच्या विद्यार्थ्याच्या मापाने बेतून घेणं ही मदतच आहे, आणि ती सर्वांत कष्टाची.

आजचा विद्यार्थी अडला की भाषेच्या मॉडेलला विचारतो. मी त्याला दोष देत नाही. नांदेडच्या किंवा रत्नागिरीच्या मुलीला रात्री अकरा वाजता, इंग्रजीची भीती न बाळगता, मराठीत विचारून उत्तर मिळत असेल तर ते मला हवंच आहे. मॉडेल कधी लायब्ररीत नसलेलं फंक्शन सुचवतं, पण ते कंपायलर लगेच पकडतो. माझी काळजी वेगळी आहे. तो प्रश्न तिच्या खोलीतच राहतो. तिच्यासारख्या आणखी शंभर जणी तिथेच अडतात हे लायब्ररीच्या लेखकाला कळत नाही, आणि फोल्डएल-प्राइमचं जे झालं ते होण्याची वाटच बंद होते. एल्मचे कर्ते एव्हान चाप्लिकी यांनी २०१५ मध्ये एरर मेसेज माणसांसाठी नव्याने लिहायला घेतले, ते लोक कुठे अडतात हे दिसत होतं म्हणून. जीएचसी ९.६ पासून प्रत्येक एररला क्रमांक आहे आणि त्या क्रमांकाखाली स्वयंसेवक चुकलेला आणि दुरुस्त केलेला कोड शेजारी शेजारी लिहून ठेवत आहेत. त्यांतल्या कितीतरी क्रमांकांना अजून कोणी हात लावलेला नाही.

म्हणून दुपारच्या सत्रासाठी मी आयोजकांना एक विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. व्याख्यान होणार नाही. प्रत्येक टेबलावर एक अनुभवी माणूस आणि तीन-चार विद्यार्थी बसतील. तुम्ही स्वतः ज्या फंक्शनवर अडला होतात आणि ज्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एकही उदाहरण नाही, असं एक निवडा. आधी त्याचा टाइप कागदावर लिहा, शेजाऱ्याला मराठीत समजावून सांगा, मग दोन ओळींचं उदाहरण लिहा. हॅडॉक या हॅस्केलच्या डॉक्युमेंटेशन साधनात ते तीन कोनांच्या खुणेने, >>> अशा, सुरू करतात. डॉकटेस्ट चालवून उत्तर खरंच तसं येतं का ते तपासा आणि पॅच पाठवा. मॉडेलला विचारून सुचलेलं उदाहरणही चालेल, फक्त ते चालवून पाहिलेलं असलं पाहिजे. गिट न येणाऱ्यांनी डावीकडच्या पहिल्या टेबलावर यावं, तिथे मी बसणार आहे. अडीच वाजता सुरू करू.